समुद्र उघडतो ती वाट

धंतोली, नागपूर
आश्विन वद्य पंचमी

चि. गौरी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

बेटा, लहानपणी सीताबर्डीच्या किल्ल्याजवळून जाताना तू दर वेळी विचारायचीस, की किल्ल्याला दार आहे तर ते रोज का उघडत नाहीत. तो लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षातून मोजकेच दिवस उघडतो, हे माझे उत्तर तुला कधी पटले नाही. रविवारी अलिबागला तुझा तो प्रश्न फार आठवला, कारण तिथल्या कुलाबा किल्ल्याची वाट समुद्रच रोज दोनदा उघडतो आणि दोनदा बंद करतो.

ती कधी उघडेल याचा हिशेब किनाऱ्यावर जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका कोळी आजोबांनी आदल्या संध्याकाळी शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. रविवारी वद्य द्वितीया होती, म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी साडेसातला. इतकी वर्षे मी कॅलेंडरात तिथी पाहिली ती चतुर्थी आणि एकादशीसाठी. समुद्राचे वेळापत्रकही त्यातच असते हे मला या वयात कळले. पौर्णिमा नुकतीच सरल्यामुळे उधाणाचे दिवस होते, म्हणजे भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, त्यामुळे पाणी दूरवर हटले होते आणि तुझी आई चपला हातात घेऊन ओल्या, कडक वाळूवरून थेट दरवाजापर्यंत चालत गेली.

शिवाजी महाराजांनी 1680 च्या सुमारास बांधायला घेतलेल्या या किल्ल्याचा तट मी बराच वेळ न्याहाळला. मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींमधून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच विरतो. एका फटीत मी बोट घातले, तर आत गार पाणी साचलेले होते आणि एक इवलासा खेकडा लगबगीने मागे सरला. इंग्रज आणि पोर्तुगीज 1721 मध्ये एकत्र चालून आले, तरी कान्होजी आंग्र्यांचा हा किल्ला त्यांना घेता आला नाही. आतल्या गणपतीचे दर्शन घेतले. चहूकडे खारे पाणी असूनही आत गोड्या पाण्याचा साठा आहे, याचे तुझ्या आईला फार अप्रूप वाटले.

नऊच्या आत परतलो. मग गावात कान्होजींच्या समाधीवर फूल वाहिले आणि चुंबकीय वेधशाळा बाहेरून पाहिली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे बिघडणार, म्हणून 1904 मध्ये ती इथे हलवली होती. ऊन मात्र आपल्याकडच्या ऑक्टोबरसारखेच होते.

भाऊबीजही द्वितीयेलाच येते, म्हणजे त्या दिवशीही ओहोटी साडेसातलाच. दादाला मी विचारले आहे. या वर्षी ओवाळणे तिथेच करायला तो तयार आहे. तुला सुटी मिळेल का ते लगेच कळव, म्हणजे गाडीची तिकिटे काढतो.

तुझे,
बाबा