काचेच्या यंत्राला आवाजही हवा

महोदय,

मी पूर्ण अंध आहे. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालो. घरचा किराणा, औषधे आजही स्वतःच आणतो. हल्ली औषधाच्या दुकानात कार्डाचे यंत्र हातात देतात तर ते म्हणजे नुसती गुळगुळीत काच. एक कुठे, नऊ कुठे, बोटाला काही लागत नाही. दुकानदार भला माणूस, म्हणतो, "काका, पिन सांगा, मी टाकतो." दुकानात चार माणसे उभी. पिन कशी सांगणार? रोख देऊन येतो.

जुन्या यंत्रात पाचच्या बटणावर बारीक उंचवटा असायचा. तो सापडला की बाकीचे आकडे आपोआप हाताखाली येत. कुठलेही बटण दाबा, 'टिक' तीच. म्हणजे आकडा बसला हे मला कळे, पण कोणता ते शेजारच्याला कळत नसे. एवढा बारकाईचा विचार ज्यांनी केला, त्यांचे मला फार कौतुक वाटते.

काचेवर अंधांना जमत नाही, हे मात्र कोणी सांगू नये. आयफोनमध्ये २००९ पासून व्हॉइसओव्हर आहे, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक. बोट फिरवले की फोन बोलतो, दोनदा टिचकी मारली की काम होते. मी असेच पैसे पाठवतो. १ जुलै २०१४ पासून बसणारे प्रत्येक नवे एटीएम बोलके आणि ब्रेल बटणांचे असावे, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते. हेडफोन लावला की सूचना फक्त आपल्याच कानात.

नुसता आवाजही पुरणार नाही. माझ्या एका मित्राला अजिबात ऐकू येत नाही. पैसे मिळाल्याचे ओरडून सांगणारा दुकानातला डबा त्याच्या काय कामाचा? मतदान यंत्र पाहा. बटण दाबले की उमेदवारापुढे लाल दिवा लागतो आणि मत नोंदले की लांब बीप वाजते. दिवा त्याच्यासाठी, बीप माझ्यासाठी. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी मात्र ७ सेकंद काचेआड दिसते, ती मला वाचता येत नाही.

बँकांनी दुकानदारांना यंत्र देताना ते बटणांचे द्यावे, नाहीतर हेडफोन लावता येईल असे बोलके तरी द्यावे. आणि तोवर दुकानांतली जुनी बटणांची यंत्रे परत नेऊ नयेत.

– एक अंध वाचक, सांगली