अब्दुल हे अर्धेच नाव

महोदय,

कोणताही अर्ज घ्या, त्यात तीन रकाने असतात : नाव, वडिलांचे नाव, आडनाव. अब्दुल करीम शेख नावाचा मुलगा या रकान्यांत बसवताना संगणकावरचा माणूस 'अब्दुल' पहिल्या रकान्यात टाकतो आणि 'करीम' दुसऱ्यात. झाले, मुलाच्या नावाचाच तुकडा त्याचा बाप होऊन बसला आणि खरे वडील कागदावरून गेले. मग जन्मदाखला एक सांगतो, आधार कार्ड दुसरे आणि शाळा सोडल्याचा दाखला तिसरेच. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत शिकवताना अशी मुले माझ्या वर्गात होती. दुरुस्तीसाठी रोजंदारी बुडवून खेपा घालणारे त्यांचे आईबाप मी पाहिले आहेत.

मूळ कारण एवढेच, की अब्दुल हे पूर्ण नाव नाही. अरबीत 'अब्द' म्हणजे दास आणि 'अल्' हा पुढच्या नावाला जोडणारा शब्द. म्हणजे 'अब्दुल' म्हटले की 'अमक्याचा दास' एवढेच झाले. अमका कोण ते पुढे येते, आणि तो बहुतेक वेळा ईश्वरच असतो. करीम म्हणजे उदार, रज्जाक म्हणजे अन्न देणारा, गफूर म्हणजे क्षमा करणारा. अब्दुल्ला म्हणजे थेट अल्लाचा दास. पैगंबरांच्या वडिलांचे हेच नाव होते. आपल्याकडे हरिदास, रामदास ही नावे याच घडणीची आहेत. रामदासाला कोणी 'राम' एका रकान्यात आणि 'दास' दुसऱ्यात लिहीत नाही.

नुसते 'रहमान' म्हणून हाक मारणेही धार्मिक घरांत खटकते. ते नाव इस्लामी परंपरेत फक्त ईश्वराचे मानले जाते, माणूस अब्दुल रहमान असतो. हे मला एका विद्यार्थ्याच्या आजीने समजावले होते, अगदी शांतपणे, पण तिला ते लागले होते हे दिसत होते.

आणखी एक गोंधळ लिपीचा. र, स, न अशा काही वर्णांपूर्वी 'ल'चा उच्चार पुढच्या वर्णात मिसळतो. म्हणून अब्दुर रहीम आणि अब्दुल रहीम एकच. 1979 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे अब्दुस सलाम यांच्या नावातला 'स' तिथूनच आला. एकाच मुलाच्या दोन कागदांवर अशी दोन रूपे दिसली की कारकून लगेच 'ही दोन माणसे' म्हणून मोकळा होतो. मौलाना आझादांचे 'अबुल कलाम' मात्र वेगळे : तिथे 'अबू' म्हणजे पिता. मुलांच्या उत्तरपत्रिकांत आझादांचे नाव 'अब्दुल कलाम' झालेले मी कितीदा लाल शाईने दुरुस्त केले आहे, कारण नंतर राष्ट्रपती झालेले अब्दुल कलाम मुलांच्या जास्त ओळखीचे.

नाव बदलण्यासाठी गोव्यात 1990 चा कायदा आहे, पण ज्याला नाव बदलायचेच नाही, फक्त सलग लिहून हवे आहे, त्याने कशाला त्या वाटेला जावे? मुख्याध्यापकांनी प्रवेशाच्या वेळी पालकांना एकच प्रश्न विचारावा, 'मुलाचे स्वतःचे नाव कुठे संपते आणि तुमचे कुठे सुरू होते?' आणि अब्दुलकरीम असे जोडून पहिल्या रकान्यात लिहावे. आपल्या दैनिकातही क्रीडा आणि निकालाच्या बातम्यांत 'अब्दुलने बाजी मारली' असे न छापता पूर्ण नाव छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, वाळपई, सत्तरी