इयरफोनची किंमत छापता, तसे ओहमही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत नव्या मोबाइलांच्या जोडीने उंची इन-इयर इयरफोन आणि खिशातल्या म्युझिक प्लेअरांची ओळख येऊ लागते. एकाचा बास ‘दणदणीत’, दुसऱ्याचा आवाज ‘क्रिस्टल क्लिअर’ आणि खाली किंमत. लाखाच्या घरातली वस्तू एवढ्यावर कोणी निवडायची? त्याच जागेत तीन आकडे छापले तर वाचकाचे काम होईल : इयरफोनचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये), त्याची सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो ते (एककासह), आणि प्लेअरचा किंवा डोंगलचा (फोनला इयरफोन जोडायच्या छोट्या तुकड्याचा) आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा अडथळा.

‘एककासह’ मुद्दाम म्हटले. सेनहायझर आयई ९०० च्या तपशिलात १२३ डेसिबल असतात, मूळ शुअर एसई८४६ च्या तपशिलात ११४. दुकानात साहजिकच पहिला जास्त मोठा वाजणारा म्हणून सांगितला जातो. पण १२३ हा आकडा १ व्होल्टला आहे आणि ११४ हा १ मिलिवॅटला. शुअरचा इम्पिडन्स ९ ओहम, म्हणजे १ व्होल्टला त्यात १११ मिलिवॅट जातात. त्यामुळे २० डेसिबलची भर पडते आणि आकडा १३४ वर पोचतो. कागदावर मागे असलेला शुअर प्रत्यक्षात सुमारे ११ डेसिबलने पुढे निघतो.

हाच हिशेब उलटा केला की प्लेअरच्या ‘ताकदी’चा फुगा फुटतो. आयई ९०० मधून ८० डेसिबल, म्हणजे आरामात ऐकण्याइतका आवाज, काढायला ७ मिलिव्होल्ट पुरतात. गाण्यातल्या चढांसाठी आणखी २० डेसिबल राखून ठेवले तरी ७० मिलिव्होल्ट. ॲपलचे छोटे यूएसबी-सी डोंगल सुमारे १ व्होल्ट देते (युरोपात विकले जाणारे त्याच्या निम्मे). मग चार-चार व्होल्टचा प्लेअर इन-इयरसाठी कशाला? ३०० ओहमच्या सेनहायझर एचडी ६०० सारख्या डोक्यावरच्या हेडफोनला ती ताकद उपयोगी पडते, ही गोष्ट वेगळी. सोनीचा एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेड तर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या सांगाड्यात आला होता, वजन साडेचारशे ग्रॅमच्या वर. देखणा खराच, शर्टाच्या खिशाचे काय होईल ते शिंप्याला विचारावे.

खरा फरक पडतो तो आउटपुट इम्पिडन्सने, आणि नेमका तोच आकडा खोक्यावर बहुधा नसतो. प्रत्येक कानाला चार-सहा बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (आवाज काढणारे चिमुकले भाग) असलेल्या इयरफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. समजा, तो कुठे ६ ओहम आणि कुठे ४० ओहम आहे. १० ओहमच्या प्लेअरला तो जोडला तर ६ ओहमच्या जागी आवाज साडेआठ डेसिबलने खाली येतो आणि ४० च्या जागी जेमतेम दोनने. साडेसहा डेसिबलचा हा फरक इयरफोन बनवणाऱ्याने ठेवलेला नाही, जोडणीने घातलेला आहे. प्लेअर १ ओहमचा असला तर तोच फरक १ डेसिबलच्या आसपास राहतो. इयरफोनच्या सर्वात कमी इम्पिडन्सच्या एक अष्टमांशाहून प्लेअरचा आकडा कमी असावा, हा जुना नियम इथून आला. एकच डायनॅमिक ड्रायव्हर (लाउडस्पीकरसारखा पडद्याचा) असलेल्या इयरफोनला याची फारशी झळ लागत नाही, कारण त्याचा इम्पिडन्स जवळजवळ सपाट असतो. म्हणून अमक्या प्लेअरवर ‘गरम’ आणि तमक्यावर ‘थंड’ असे कोणी लिहिले तर आधी विचारावे, इयरफोन कोणता होता?

दुकानातल्या तुलनेचा घोळ याहून साधा आहे. दोनपैकी जो डेसिबलभर मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. ३.५ मिमीच्या साध्या भोकातून काढून ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड (दोन्ही बाजूंच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या) भोकात घातले की व्हॉल्यूमच्या त्याच पायरीवर आवाज ६ डेसिबलपर्यंत वाढतो, आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘वा, मैफल मोकळी झाली!’ दोन प्लेअर किंवा डोंगल खरोखर तोलायचे तर १०० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवावा, इयरफोन जोडलेलाच ठेवून एका बाजूच्या दोन टोकांवर साध्या मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजावे आणि दोन्हीकडे ते एक टक्क्याच्या आत जुळवावे. बॅलन्स्ड जोडणीत त्याच बाजूच्या अधिक आणि उणे टोकांवर मोजायचे, ‘ग्राउंड’शी नव्हे. एकीकडे १०० मिलिव्होल्ट आणि दुसरीकडे ११२ असतील तर तोच तो फसवा डेसिबल. दोन इयरफोन तोलताना मात्र व्होल्टेज जुळवून भागत नाही, तिथे कानाच्या पोकळीची नक्कल करणारा कपलर लागतो. इंटरनेटवरचे बहुतेक आलेख त्यावर काढलेले असतात. त्यांतला ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा उंचवटा पुष्कळदा कपलरच्या स्वतःच्या अनुनादाचा असतो, तेवढे ध्यानात ठेवले की आलेख उपयोगी.

ऐकायला काय लावावे? आपल्याकडे गोव्यात घुमट आरतीइतकी चांगली परीक्षा दुसरी नाही. घुमटाचा (मातीच्या मडक्याच्या वाद्याचा) खोल घुमारा आणि काठ्यांनी वाजणाऱ्या शामेळाचा ठोका वेगवेगळे कळले पाहिजेत, आणि कासाळे (झांजा) वाजताना दातांवर आल्यासारखे होता कामा नये. तानपुऱ्याची जवारी (तारेचा झणकार) मध्यम सप्तकाच्या वरचा भाग कसा आहे ते लगेच सांगते. केसरबाई केरकरांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून मात्र इयरफोनची झळाळी जोखू नये. दहा किलोहर्ट्झच्या वर त्यांत गाणे जवळजवळ नाहीच, असते ती सुईची खरखर, आणि महागडा इयरफोन ती इमानेइतबारे ऐकवतो.

आता कानाकडे वळू. बास कमी वाटला की लोक इयरफोन बदलतात; बदलायची असते रबरी टोपी. टोपी आणि कानाची भिंत यांत बारीकशी फट राहिली तरी खालचे सूर पळतात. ५० हर्ट्झचा सूर लावून इयरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. आवाज एकदम भरला तर टोपी बसलेली नाही. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग मागे आणि वर ओढावा, कानाची नळी सरळ होते. दोन्ही कानांना एकाच मापाची टोपी लागते असे नाही. उजवीकडे मध्यम आणि डावीकडे मोठी, असे बऱ्याच जणांचे असते. फोमची टोपी चिमटीत दाबून घालावी आणि अर्धा मिनिट धरून ठेवावी, फुगून ती भोक भरते. तिने वरचे सूर किंचित दबतात, आणि पावसाळ्यात ती ओली राहते. आंघोळीनंतर कान कोरडे झाल्याशिवाय काहीही घालू नये. आपल्या हवेत कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

गोव्यात या वस्तू मरतात त्या वापराने कमी, दमट हवेने जास्त. थंडगार एसी गाडीतून उतरले की धातूच्या इयरफोनवर दव धरते. कानातली उबदार वाफही इयरफोनच्या नळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जमते आणि पाण्याचा पातळ पापुद्रा जाळीची भोके बुजवतो. मग एक बाजू मंद होते आणि ‘ड्रायव्हर गेला’ असे निदान मिळते. आधी नळी दिव्यासमोर धरून पाहावी. भोके चमकत असतील तर पाणी, पिवळट बुजलेली दिसली तर मळ. जाळी खाली धरून टिश्यू कागद नुसता टेकवावा. तोंडाने फुंकू नये, हेअर ड्रायर तर नकोच. मग सिलिका जेल असलेल्या घट्ट डब्यात एक दिवस ठेवावे. तरीही आवाज आला नाही तर केबल डावी-उजवीकडे बदलून घालावी : दोष केबलबरोबर सरकला तर केबल वाईट, जागेवर राहिला तर इयरफोन. यानंतरच सर्व्हिस सेंटर.

डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा. आत मूठभर सिलिका जेल, दाणे नारिंगी. हिरवे पडले की तव्यावर मंद आचेवर, न करपवता, पुन्हा नारिंगी होईपर्यंत. तांदूळ घालू नयेत, त्याचा भुगा जाळीत शिरतो. महाग इयरफोनबरोबर येणारी कातडी पेटी जून ते सप्टेंबर बाहेर ठेवावी, बुरशी पहिल्यांदा तिलाच लागते.

एमएमसीएक्स जोडाच्या (केबल इयरफोनला लावायच्या गोल, फिरत्या जोडाच्या) मधल्या बारीक पिनेवर हिरवा डाग दिसला आणि मान हलवली की आवाज जातो-येतो, तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दात साफ करायचा बारीक ब्रश भिजवून फिरवावा. सत्तर टक्क्यांच्या बाटलीत उरलेले तीस टक्के पाणीच असते, आणि पाणीच तर आपल्याला नको आहे. हा जोड उगाच उघडू-मिटू नये, सैल होतो. दोन पिनांच्या केबलीत एक बाजू उलटी बसली तर बास कमकुवत वाटतो आणि गायकाचा आवाज मधोमध राहत नाही. सरळ केली की झाले. पारदर्शक आवरणाखाली तांबे हिरवे पडले तर घाबरू नये, ते दिसायला वाईट, ऐकायला तेच.

ब्लूटूथबद्दल एकच : एलडॅक (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची सोनीची पद्धत) सेकंदाला ९९० किलोबिटने जोडले गेले आहे की गर्दीच्या जागी ३३० वर घसरले आहे, ते फोनच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये पाहून मगच मत द्यावे.

आवाजाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास अशी दिली आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. पणजी-मडगाव बसमध्ये इंजिनवर मात करायला लोक ९० च्या घरात जातात, आणि तिथे पाच तासांहूनही कमी उरतात. घट्ट बसलेली टोपी बाहेरचा गोंगाट २० डेसिबल अडवते, म्हणून आवाज वाढवावा लागत नाही. दुचाकीवर मात्र नेमके म्हणूनच काही घालू नये.

शेवटी, तारवटी (जहाजांवर नोकरी करणाऱ्या) किंवा आखातातल्या नातलगांकडून या वस्तू मागवणाऱ्यांसाठी. हमी बहुधा खरेदी केलेल्या देशापुरतीच असते, तेव्हा बिल आणि सिरियल नंबरचा फोटो आधी मागून घ्यावा आणि भारतातले सर्व्हिस सेंटर ती स्वीकारते का ते फोन करून विचारावे. युरोपातून आणलेल्या काही प्लेअरांत तिथल्या नियमाने आवाज मर्यादित केलेला असतो. इन-इयरला त्याची अडचण नाही. मोठे हेडफोन लावायचे असतील तर दुसऱ्या देशाची आवृत्ती मागावी.

कळावे,
आपला नित्य वाचक,
फोंडा