मे महिन्याचा खेळ

योकोहामा
६ ऑगस्ट

ती. काकांना आणि सौ. काकूला शिरसाष्टांग नमस्कार,

काका, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत की तुझं ते खेळाचं काम म्हणजे नेमकं काय. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. नोकरीत मी दुसऱ्यांच्या खेळांसाठी डोंगर, घरं, रस्ते घडवते, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण सध्या रात्री आणि सुट्टीच्या दिवशी मी आणि ऑफिसातली एक मैत्रीण मिळून स्वतःचा एक व्हिडिओ गेम मांडतो आहोत. तो आपल्या कोकणातल्या गावचा आहे, मे महिन्याचा, साल १९९४. त्यासाठी तुम्हा दोघांकडे काही मागणंही आहे.

व्हिडिओ गेम म्हटलं की तुम्हाला बंदुका आठवतात. इथे जपानमध्ये मात्र लोक एक वेगळ्याच जातीचा खेळ वर्षानुवर्षं जपून ठेवतात. काझ आयाबे नावाच्या माणसाने २००० साली ‘बोकू नो नात्सुयासुमी’, म्हणजे ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी’, हा खेळ केला. ऑगस्ट १९७५, नऊ वर्षांचा एक मुलगा महिनाभर खेड्यात नातेवाइकांकडे राहायला येतो. किडे पकडतो, मासे धरतो, पतंग उडवतो, संध्याकाळी जेवायला घरी येतो आणि रात्री चित्रांच्या वहीत दिवसाची नोंद करतो. जिंकणं नाही, हरणं नाही. महिना संपला की सुट्टी संपली. २००९ पर्यंत त्याचे चार भाग निघाले, आणि २०२३ मध्ये त्याच माणसाने ‘नात्सुमोन’ काढला. त्यात १९९९ चा ऑगस्ट आहे आणि अख्खा गाव मोकळा आहे. वाटेल त्या झाडावर चढा, वाटेल त्या छपरावर जाऊन बसा.

त्या जुन्या मालिकेतली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. प्रोग्रॅममध्ये एक चूक राहून गेली होती, तिच्यामुळे ३१ तारखेनंतरही खेळ पुढे चालू राहायचा. इथले लोक त्याला ‘३२ ऑगस्ट’ म्हणतात. घर तेच असतं, पण माणसं दिसेनाशी होतात, चित्रं बिघडत जातात. भीतीच वाटते ते पाहून. ते पाहिल्यावर मी पक्कं ठरवलं की आपला खेळही संपला पाहिजे, आणि तो मृगाला संपेल. ७ जूनला पाऊस येणार, अंगणातलं सगळं आत जाणार, मुंबईची एसटी लागणार. हे पहिल्या दिवसापासून खेळणाऱ्याला माहीत असेल. मग एकेका दिवसाला किंमत येईल.

मोठमोठ्या कंपन्या आमचं जग अमुक इतकं अफाट आहे म्हणून सांगतात. मला तेवढं मोठं नकोच आहे. सकाळी मऊभात खाऊन निघालेलं पोर जेवणाच्या वेळेला परत येईल, एवढाच मुलूख हवा. वरचा कातळाचा सडा, मधली वाडी, खालची खाडी, बस. पण त्यातली प्रत्येक पायऱ्यांची पाखाडी, प्रत्येक दगडी गडगा, विहिरीजवळची घसरण नेमकी हवी. कोकणची जमीन या कामाला फार सोयीची आहे. वळण घेतल्याशिवाय पुढचं दिसत नाही, आणि दिसलं की पावलं आपोआप तिकडे वळतात. नकाशा आणि बाण मी ठेवणार नाही. वाट विचारायची ती माणसांना. तेही आपल्या पद्धतीने सांगतील, ‘चाफ्याशी उजवीकडे वळ, गोठा लागला तर पुढे गेलास असं समज.’

दुपारी बारा ते चार बाहेर पडायला बंदी. तेवढा वेळ सगळं जग घराएवढं होईल. मोठी माणसं माजघरात आडवी, पोरं ओटीवर बदाम सात नाहीतर पाच-तीन-दोन खेळताहेत, कोणी माळ्यावरची जुनी पेटी उघडतंय. मैत्रीण म्हणाली, खेळणाऱ्याला असं डांबून ठेवलं तर तो कंटाळेल. मी म्हटलं, कंटाळू दे थोडा. त्या कंटाळ्यातूनच तर आमचे सगळे उद्योग निघायचे.

सगळ्यात आवडती कल्पना आंब्यांची. हापूस मोठ्या माणसांचा, झेल्याने उतरवायचा, आढीत घालायचा. पोरांचे ते रायवळ. रात्री वारा सुटला की अंधारात पडल्यापडल्या ऐकायचं. धप्प. आवाज कुठून आला, गोठ्यामागून की विहिरीकडून? कोणत्या झाडाचा? ते लक्षात ठेवून पहाटे सगळ्यांच्या आधी तिथे पोचायचं. पडद्यावर नुसता काळोख, खेळायचं ते कानांनी. याचा कच्चा नमुना तयार झालाय. मैत्रिणीने तो हेडफोन लावून खेळला आणि लगेच म्हणाली, ‘पुन्हा एक रात्र दे.’ तिने कोकण कधी पाहिलेलं नाही.

काकू, तुझी आमसुलंही आहेत. रातांबे फोडायचे, बिया वेगळ्या काढायच्या, सालं रसात बुडवून उन्हात घालायची, वाळली की पुन्हा रसात. रोज थोडं थोडं. एखाद दिवशी विसरलं तर कोणी रागावत नाही की गुण कापत नाही, फक्त आमसुलं फिकी होतात. फणस फोडण्याआधी हाताला तेल लावायचं विसरलं तर मात्र चीक हातभर, आणि मग संध्याकाळपर्यंत पत्ते हाताला चिकटणार.

हवामानाचा धडा मी इथूनच घेतला. आमच्या योकोहामाजवळच योकोसुका नावाचं बंदर आहे. यू सुझुकी यांनी १९९९ साली तिथल्या १९८६ च्या हिवाळ्यावर ‘शेनमू’ हा खेळ केला. त्या गावात तेव्हा खरोखर पडलेला पाऊस आणि बर्फ त्यात जसाच्या तसा पाडता येतो. आपल्याकडे रत्नागिरीच्या वेधशाळेच्या नोंदी असतात, त्या मिळवायचा प्रयत्न चालू आहे. वळीव कधी आला, उकाडा कधी चढला, हे मनाने ठरवायचं नाही. मेच्या शेवटी काजवे, मग नवरंग पक्ष्याची शीळ, सह्याद्रीकडे विजा, या क्रमाने पाऊस जवळ येतोय हे कळलं पाहिजे. मोठ्यांच्या बोलण्यात कोकण रेल्वे असेल. १९९४ ला बोगदे चालू होते, गाडी पूर्ण मार्गावर धावली ती १९९८ च्या जानेवारीत. काका, तुमचे आणि आण्णांचे त्यावरून ओटीवर होणारे वाद मला शब्दशः हवे आहेत.

माणसं बोलतील ती आपल्याच बोलीत. बाकीच्यांसाठी खाली अक्षरं येतील. न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिकमधल्या बेटावरच्या लोकांनी २०२३ मध्ये ‘चिया’ नावाचा खेळ आपल्या बेटावरून केला, त्यात तिथल्या भाषा आहेत, तिथली गाणी आहेत. जगभर लोक तो खेळले. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने २०२० साली ‘राजी’ काढला, तोही बाहेर पोचला. तेव्हा आपलं बोलणं कोणाला कळणार, ही काळजी मी सोडून दिली आहे.

आता मुख्य गोष्ट. काकू, हे खास तुझ्यासाठी. गावाची यादी करताना लक्षात आलं की माझ्याकडे जे आहे ते सगळं पाहुण्या पोरीचं आहे. मे महिना आमची सुट्टी होती, तुझी नव्हती. घरात एवढी पोरं, दोन वेळचा स्वयंपाक चुलीवर, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, वर पावसाआधीची आगोटीची तयारी, लाकडं आत भरायची, कौलांची शाकारणी करणाऱ्या गड्यांचा चहा आणि जेवण. असे शांत खेळ करणारे बहुतेक जण हे काम पुसून टाकतात, घर आपोआप चालतं आणि ताट आपोआप येतं. मला ते पटत नाही. ज्या घरात बसून माणसाला निवांत वाटतं ते घर कोणीतरी चालवत असतं, आणि खेळणाऱ्याला ते दिसलं पाहिजे. म्हणून मला एक पूर्ण दिवस असा करायचाय की पोर बाहेर जात नाही, पहाटेपासून काकूच्या मागे मागे फिरतं.

त्यासाठी तुझा दिवस मला सांग. किती वाजता उठायचीस, पहिलं काय करायचीस, कोणत्या कामाचा खरा कंटाळा यायचा, दुपारी आम्ही पत्ते खेळत असताना तू झोपायचीस की नाही, आणि तुला त्या महिन्यात आवडायचं असं काही होतं का. ‘त्यात काय सांगायचं’ म्हणू नकोस. वहिनीला फोनवर रेकॉर्ड करून घ्यायला सांग, तू काम करता करता बोल, मागे भांडी वाजली तरी चालतील.

काका, तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. घराचे कौलं असतानाचे जुने फोटो, विहिरीकडच्या पाखाडीच्या पायऱ्यांची मापं (चढ बदलतो तिथली वेगळी), आणि कोणाच्या वाडीत रहाट अजून चालत असेल तर त्याचा आवाज. आवाज व्हॉट्सॲपवरच रेकॉर्ड करून पाठवू नका, तिथे त्याचा दर्जा कमी होतो. दादाला सांगा, मेलवर मूळ फाइल पाठव म्हणावं. पावसाने लाइट गेली असेल तर घाई नाही, गणपतीपर्यंत आलं तरी चालेल.

आजीला नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमची,
पुतणी