बोरिंगबंदी पुरे, बोरिंगची वही घाला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदुरात उन्हाळ्यात नव्या बोरिंगवर मनाईचा हुकूम निघतो. १९८६ च्या मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण कायद्याने कलेक्टरांना तो अधिकार दिला आहे. पण हुकूम अडवतो तो नव्या भोकाला. जुन्या बोरिंगांना मीटरच नाही, म्हणून त्यांचा उपसा अंदाजानेच धरावा लागतो.

कान्ह-सरस्वती या नद्यांच्या पाणलोटापुरते एक स्थानिक भूजल मंडळ कायद्याने नेमावे, अशी आमची सूचना आहे. हद्द महापालिकेची ठेवू नये. तशी ठेवली, तर शहराबाहेरच्या ज्या विहिरींवर टँकर भरतात, त्या आपसूक सुटतील. अमेरिकेतल्या टेक्सासात १९०४ च्या कोर्टाच्या निकालाने जमीनमालकाला हवे तेवढे पाणी उपसायची मुभा मिळाली. आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचा रोखही तसाच. तरीही तिथे १९४९ च्या कायद्यानंतर स्थानिक भूजल मंडळे झाली. विहिरींची नोंद, त्यांच्यातले अंतर आणि उपशाचे परवाने ती पाहतात.

आपल्याकडे काम नोंदीपासूनच सुरू करावे लागेल. बोरिंगची खोली, केसिंग (भोकात वरून बसवलेला पाइप) किती फूट, पाणी कुठे लागले, मोटर किती हॉर्सपॉवरची. पाण्याची पातळी मेअखेर आणि नोव्हेंबरात मोजायची, तीही मोटर रात्रभर बंद ठेवून. शेजारची मोटर चालू असली तरी आकडा फसतो. केसिंगचे तोंड जमिनीपासून किती वर आहे ते वजा करायचे राहिले, तर दरवर्षी फूट-दीड फुटाची चूक वहीत चढते.

हे पाणी मुळात किती, हेही पाहा. माळव्यात काळ्या मातीखाली मुरूम, मग सांधे पडलेला खडक आणि त्याखाली बहुतेक अखंड काळा पाषाण. वरच्या झिजलेल्या थरातही उपसता येणाऱ्या पाण्याला जागा जेमतेम २ टक्के. म्हणजे एक चौरस किलोमीटरवर पातळी १ मीटर उतरली की सुमारे २ कोटी लिटर गेले. ६०० फुटांवर गेलेले बोरिंग पुष्कळदा वरच्याच थराचे पाणी खाली ओढते आणि शेजारची ४० फुटी विहीर कोरडी पाडते. मीटर बसेपर्यंत उपशाचा हिशेब धरायला विजेचे बिल चालेल: पाणी १०० मीटरवरून उचलायचे आणि मोटर-पंपाची एकूण कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर एका युनिटला साधारण १,८०० लिटर.

पुनर्भरणाची सक्ती करताना बांधणी तपासणारा माणूस हवा; नुसती पावती फाडून खड्डा होत नाही. काळी माती भिजली की फुगते, भेगा बुजतात, म्हणून मुरमापर्यंत न गेलेला खड्डा नुसता हौद होतो. छताचे पाणी थेट बोरिंगमध्ये सोडले तर धुळीचा गाळ खडकाच्या फटी बुजवतो. १०० चौरस मीटर छतावरच्या पहिल्या २ मिलिमीटर पावसाचे २०० लिटर बाहेर काढावेत, मग खाली मोठी खडी, मधे बारीक खडी, वर जाड वाळू अशा गाळणीतून पाणी जावे. वाळूचा वरचा बोटभर थर दर उन्हाळ्यात खरवडून बदलावा लागतो, आणि नेमके हेच राहून जाते. रस्त्याचे पाणी बोरिंगमध्ये कधीच घालू नये. त्यात गाड्यांचे तेल आणि गटारही असते.

पैसा कुठून? घरगुती बोरिंगला नाममात्र शुल्क, आणि टँकर, हॉटेल, बांधकाम यांना लिटरमागे दर. नर्मदेचे पाणी आपण सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्य चढवून आणतो, तेव्हा पायाखालचे पाणी फुकट का असावे? मंडळाची पहिली बैठक मात्र फेब्रुवारीत व्हावी. मेमध्ये मोजणीची टेप विहिरीत सोडलेली असली पाहिजे.

आपले,
भूजलाच्या कामातील काही वाचक, इंदूर