फुगे नंतर वाच

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझं चित्र फोनवर आलं, मी "छान" लिहून अंगठा पाठवला आणि झोपून गेले. त्यावर तू फुगून बसलास, हे बाबांकडून कळलं. अरे, त्या एवढ्याशा काचेवर एका बोटानं टकटक करत मी काय काय लिहिणार? आज वाचनालय बंद केल्यावर मुद्दाम टेबलाशी थांबले आहे. शिपाई कुलूप घेऊन दारात ताटकळत होता, त्याला घरी पाठवलं. आता सावकाश लिहिते.

चित्र छान आहे, ते मी खोटं म्हटलं नव्हतं. गच्चीच्या कठड्यावर तुझी नायिका, मागे दिव्यांचं शहर, खांद्यावरून उडणारी शाल. खाली तू लिहिलंस, "कॉलेजनं जुन्या पद्धतीची सुपरहिरोइन काढायला सांगितली, मी हुबेहूब जुन्या कॉमिक्ससारखी काढलीय." माझं घोडं तिथेच अडलं. कुठल्या जुन्या? १९४२ च्या, १९४९ च्या की १९६८ च्या? ती एकच बाई नाही रे.

आईला यातलं काय कळतं, असं म्हणू नकोस. तुझा मामा मुंबईला शिकत होता तेव्हा फोर्टातल्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी कॉमिक्स आणायचा. वेताळ आणि मँड्रेक आमच्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत यायचे, ते मी अधाशासारखे वाचायचे. पण मामाच्या त्या पिवळ्या पडलेल्या अंकांतलं इंग्रजी पाचवीतल्या मला कुठलं कळायला? शिवाय त्याचं वाचून झाल्याशिवाय हात लावायचा नाही, असा त्याचा दंडक. मग दुपारी तो झोपला की मी अंक घेऊन माजघरात बसायचे आणि संवादांचे फुगे सोडून नुसती चित्रं वाचायचे. बाई चौकटीत मध्यभागी आहे की कोपऱ्यात, कोण कोणाकडे बघतंय, कोणी कोणाला उचललंय. ती सवय अजून गेलेली नाही. तू घरी ठेवून गेलेले पुनर्मुद्रणांचे जाडजूड खंडही मी तसेच बघते. फुगे नंतर.

त्या सवयीमुळे दिसलेली एक गंमत सांगते. वंडर वूमन पहिल्यांदा आली १९४१ च्या अखेरीस, 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात. बायकांच्या बेटावर अमेरिकन वैमानिक स्टीव्ह ट्रेव्हर विमानासकट कोसळतो. राजकन्या डायना, म्हणजे हीच वंडर वूमन, त्याला दोन्ही हातांवर उचलून घेते, आपण तापानं फणफणलेल्या पोराला दवाखान्यात नेतो तसं. आता 'सेन्सेशन कॉमिक्स'चा ९४ वा अंक काढ. नोव्हेंबर १९४९. मुखपृष्ठावर तोच स्टीव्ह तिला उचलून ओढा ओलांडतोय आणि ती त्याच्याकडे लाजत बघतेय! जी बाई त्याला विमानाच्या ढिगाऱ्यातून उचलून नेते, तिची पावलं भिजतील याची त्याला काळजी. एकही अक्षर न वाचता कळतं की मधल्या आठ वर्षांत काहीतरी झालंय.

झालं होतं ते असं. युद्ध संपलं होतं. पुरुष लढायला गेले तेव्हा कारखान्यांत, गोद्यांमध्ये बायकांनी कामं केली, आणि आता त्यांनी घरी जावं असा सगळीकडून धोशा होता. तिचा निर्माता विल्यम मोल्टन मार्स्टन १९४७ मध्ये वारला आणि सूत्रं रॉबर्ट कॅनिगरकडे गेली. आधी तिच्या मासिकात 'इतिहासातल्या वंडर वूमन' नावाचं सदर असायचं, टेनिसपटू अॅलिस मार्बल त्याची संपादक होती आणि सुरुवात फ्लोरेन्स नाइटिंगेलपासून झाली होती. पुढे ते सदर गेलं आणि त्या जागी देशोदेशीच्या लग्नाच्या चालीरीती छापून यायला लागल्या. हळदीकुंकवाचा अंकच म्हण ना.

म्हणजे मार्स्टन देवमाणूस होता असं समजू नकोस. माणूस मोठा विचित्र. मानसशास्त्रज्ञ, रक्तदाबावरून खोटं पकडण्याची चाचणी शोधणारा. डायनाकडे सत्य बोलायला लावणारा दोर आहे तो त्यावरूनच, असं म्हणतात. घरी बायको एलिझाबेथ, आणि तिच्या संमतीनं त्याच घरात राहणारी ऑलिव्ह बर्न. ही ऑलिव्ह म्हणजे संततिनियमनाच्या चळवळीतल्या मार्गारेट सँगर यांची भाची. तिच्या मनगटांवर रुंद बांगड्या असत, त्याच डायनाच्या हातात आल्या. आपल्याकडे असं घर असतं तर गल्लीत वर्षभर दुसरा विषय चघळला नसता. १९४३ मध्ये त्यानं एका नियतकालिकात लिहिलं की स्त्रीच्या आदर्शात ताकद आणि सामर्थ्य नसेल, तर मुलींनासुद्धा मुलगी व्हावंसं वाटणार नाही. हे त्या काळात छापून आणायला छाती लागते.

पण त्याच माणसाच्या कथांत डायना साखळदंडांत, दोरांत, पिंजऱ्यात, खांबाला अशी इतक्यांदा बांधलेली दिसते की मी लहानपणी ही चोरांची गोष्ट आहे की हिला बांधण्याची, याच गोंधळात असायचे. नियम असा की पुरुषानं तिच्या बांगड्या साखळीनं जखडल्या तर तिची शक्ती जाते. काही जण म्हणतात, मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांच्या चळवळीतल्या व्यंगचित्रांत साखळ्या असत, त्या इथे आल्या. चित्रकार एच. जी. पीटर त्याच काळातल्या मासिकांत चित्रं काढायचा, त्यामुळे त्यात तथ्य आहे. पण तेवढंच नाही. प्रकाशकांच्या सल्लागार मंडळावरच्या जोझेट फ्रँक यांनी १९४३ मध्येच या बांधाबांधीवर तक्रार केली होती. मार्स्टननं ती उडवून लावली. मला विचारशील तर मी फ्रँकबाईंच्या बाजूची.

एक गोष्ट मात्र अगदी तुझ्यासाठी. १९४४ मध्ये मार्स्टननं आपल्या एका विद्यार्थिनीला मदतनीस म्हणून घेतलं. जॉय हमेल. वय १९, म्हणजे आज तू आहेस तेवढी. पुढे मार्स्टन आजारी पडला आणि वंडर वूमनच्या ७० हून अधिक कथा या मुलीनं लिहिल्या. छापून येताना नाव मार्स्टनच्या 'चार्ल्स मोल्टन' या टोपणनावाचंच. १९४७ मध्ये लग्न झालं आणि तिनं काम सोडलं. लोकांना तिचं नाव माहीत व्हायला कित्येक दशकं गेली, ती स्वतः ९७ व्या वर्षी, २०२१ मध्ये गेली. तू एखादं पान काढतोस तेव्हा कोपऱ्यात सही किती झोकात करतोस ते आठव.

तसंच नाव झाकण्याचं प्रकरण टार्पे मिल्सचं. हिनं वंडर वूमनच्याही काही महिने आधी, एप्रिल १९४१ मध्ये, वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानात 'मिस फ्युरी' सुरू केली. खरं नाव जून. जून म्हटलं की बाई हे कळतं, म्हणून ते पहिलं नाव वगळून टाकलं. तिची नायिका काळ्या बिबट्याच्या कातड्यात फिरते. आणि बायकांनी काढलं म्हणजे अंगभर कपडे असतील असं समजशील तर फसशील! झिरझिरीत झगे, उंच टाचा, केसांना धरून मारामाऱ्या, सगळं आहे. फरक एवढाच की त्या कपड्यांना शिवण आहे, वजन आहे. बाईंना कापड ठाऊक होतं. स्वतःची पांढरी मांजरसुद्धा तिनं कथेत घुसवली.

पन्नासच्या दशकातल्या नायिका मी भराभरा उलटते. १९५४ मध्ये कॉमिक्सवर आचारसंहिता बसली आणि सगळं गुळमुळीत झालं. १९५६ ची बॅटवूमन खांद्याला पर्स अडकवून येते; पर्समध्ये पावडरचा डबा, अत्तर, केसांची जाळी, आणि त्यांचीच हत्यारं. शेवटी बॅटमन तिला समजावतो की तू कोण हे मी ओळखलं तर गुंडही ओळखतील, तेव्हा हे थांबव. आणि ती थांबते. १९५९ ची सुपरगर्ल तर सुपरमॅनची सख्खी चुलतबहीण, ताकद त्याच्याइतकीच. त्यानं काय करावं? तिला दोन वेण्यांचा तपकिरी टोप घालून अनाथाश्रमात ठेवलं, आणि मी सांगेपर्यंत जगासमोर यायचं नाही म्हणून बजावलं. तीन वर्षं ती चोरून लोकांचे जीव वाचवत होती. मामाच्या दंडकाची आठवण येऊन मला तिचा फार कळवळा यायचा.

'फँटास्टिक फोर'मधल्या सू स्टॉर्मला १९६१ मध्ये जी शक्ती मिळाली ती म्हणजे दिसेनासं होणं. चौघांत एकच बाई, आणि तिचं कसब काय, तर नसल्यासारखं होणं. वाचकांनी पत्रं लिहिली की ही काही कामाची नाही. त्यावर ११ व्या अंकात पात्रांनीच उत्तर दिलं, आणि ते उत्तर असं की लिंकनला घडवण्यात त्याच्या आईचा केवढा वाटा होता! हे वाचून मी वाचनालयात एकटीच मोठ्यानं हसले होते. पुढे १९६४ मध्ये तिला अदृश्य भिंत उभारायची शक्ती दिली तेव्हा कुठे ती लढाईत पुढे उभी राहिली. 'इन्व्हिजिबल गर्ल' या तिच्या नावातल्या 'गर्ल'ची 'वूमन' व्हायला मात्र १९८५ उजाडलं. तोवर ती एका मुलाची आई होऊन कितीतरी वर्षं झाली होती.

आता माझी लाडकी. बार्बरा गॉर्डन, बॅटगर्ल, जानेवारी १९६७. ग्रंथपाल! पोलीस आयुक्तांची मुलगी, शिकलेली, डॉक्टरेट मिळवलेली, बॅटमनच्या गॉथम शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयाची प्रमुख. टीव्हीवरच्या बॅटमन मालिकेला मुलगी हवी होती म्हणून तिला आणलं हे खरं, पण कथा किती गोड आहे. वेषांतराच्या मेजवानीला जायला तिनं स्वतः पोशाख शिवलेला असतो, वाटेत गुंड ब्रूस वेनला, म्हणजे खऱ्या नावाच्या बॅटमनलाच, पळवायला आलेले दिसतात आणि ही सरळ भिडते. कोणी तिला नेमलं नाही, कोणी वर दिला नाही. दिवसभर शिक्के मारून संध्याकाळी तिच्या मनात काय चाललेलं असेल ते मी जाणते.

आणि हिचं पुढे काय केलं बघ. बरोबर एका वर्षानं, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' ३७१. मुखपृष्ठावर बॅटमन आणि रॉबिन गुंडांशी झुंजतायत आणि बॅटगर्ल बाजूला उभी राहून पायातल्या तंग मोज्याची उसवलेली रेघ बघतेय. आतली कथाही तीच, नटण्याच्या सवयीमुळे ती ऐन वेळी घोळ घालते. शेवटी ती मुद्दाम मोजा फाडते, गुंड पायाकडे बघत राहतात आणि पकडले जातात. झाला विजय. डॉक्टरेट गेली कुठे, देव जाणे. स्वतः पोशाख शिवणाऱ्या बाईला एक टाका घालता येत नाही होय?

त्याच १९६८ मध्ये वंडर वूमनची शक्तीच काढून घेतली. पांढरा सूट, कपड्यांचं दुकान आणि कराटे. लिहिणाऱ्यांना वाटलं, किती आधुनिक केलं. स्त्रीवादी चळवळीतल्या ग्लोरिया स्टाइनेम यांनी १९७२ मध्ये आपल्या 'मिझ' (Ms.) मासिकाच्या अंकावर तिला जुन्या वेषात, शहरातून ढांगा टाकत चाललेली छापली, आणि पुढच्या वर्षी शक्ती परत मिळाली. मुखपृष्ठावर ती रस्त्याएवढी मोठी आहे. पुन्हा तेच, फुगे वाचायला लागत नाहीत.

तर तुझं चित्र. तुझी नायिका शहराकडे बघतेय म्हणावं तर कंबर आमच्याकडे वळलीय, छाती तिसरीकडे आणि चेहरा पुन्हा आमच्याकडे. कठड्यावर, एवढ्या वाऱ्यात, त्या टाचांवर. खोलीतल्या आरशासमोर एकदा तसाच उभा राहून बघ, आणि मणका लचकला तर मला फोन करू नकोस. ती काय बघायला आलीय तिथे? खाली काही घडतंय का? घडत असेल तर ती वाकली असती, एक हात कठड्याला धरला असता. आता ती फक्त आपण तिला बघावं म्हणून उभी आहे. शाल मात्र उत्तम जमलीय, तिला हात लावू नकोस.

आणि तिला खिसा दे. चावी कुठे ठेवणार ती?

बाबा शनिवारी पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर खंडांचा गठ्ठा आणि शेंगदाण्याची चटणी पाठवते. वंडर वूमनच्या खंडाची शिवण सुटली होती, मी खळ लावून कापडी पट्टी बसवली आहे. पुन्हा सुटली तर सेलोटेप लावू नकोस, पिवळी पडते आणि कागद खाते. मला पाठव.

तुझी,
आई