पश्या, तुझ्या एकपात्रीसाठी माणूस सापडला

प्रिय पश्या,

फोनवर सांगायला घेतलं की तू मध्येच तुझं सुरू करतोस, म्हणून सरळ लिहूनच पाठवतोय, निवांत वाच. तुला एकपात्रीसाठी माणूस हवाय ना, आणि संत नको पुढारी नको म्हणालास, मग सॅम्युएल फूट घे. अठराव्या शतकातला लंडनचा नट, नाटककार आणि एक नंबरचा नकलाकार. तेव्हाचा सगळ्यात नावाजलेला नट गॅरिक, ज्याचं नाव तुझ्या तोंडी सारखं असतं, त्याच्याच वेळचा हा, आणि तो गॅरिकसुद्धा याला वचकून असायचा कारण हा स्टेजवरून कधी कुणाची टोपी उडवेल याचा नेम नाही.

मसाला तर घरातच. जन्म १७२० चा, कॉर्नवॉलमधलं ट्रुरो. ऑक्सफर्डला गेला, डिग्री न घेताच बाहेर पडला, पैसे उडवले, कर्जापायी तुरुंगात बसून आला. त्यात १७४१ ला याच्या एका मामाने दुसऱ्या मामाचा खून केला, इस्टेटीवरून, तोही ब्रिस्टलला स्वतः कॅप्टन असलेल्या आरमारी जहाजावर पकडून नेऊन! मामा फासावर गेला आणि भाच्याने काय केलं, तर त्या खुनावर पुस्तिका लिहून छापली. निर्लज्जपणा म्हण, पण धंद्याची नजर तेव्हापासूनच होती बघ.

नट म्हणून पहिली उडी १७४४ ला, हेमार्केट थिएटरात, डायरेक्ट ऑथेल्लो. सपशेल पडला. रडवणं आपलं काम नाही हे लवकर कळलं बिचाऱ्याला.

आता खरा सीन ऐक, तुझा पहिला अंक इथेच आहे. १७३७ च्या लायसन्सिंग कायद्यामुळे नवीन नाटक असेल तर आधी लॉर्ड चेंबरलेनला, म्हणजे राजदरबारातल्या बड्या अधिकाऱ्याला, दाखवून पास करून घ्यायचं, आणि लंडनमध्ये नाटक करायची अधिकृत परवानगी फक्त दोन थिएटरांना, ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन. (पुढे साहेबाने इथेही १८७६ ला नाट्यप्रयोगांचा कायदा आणला आणि १९१० ला खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी घातली, तेव्हा हे दुखणं आपल्याला नवीन नाही.) फूटने एप्रिल १७४७ ला हेमार्केटमध्ये नावाजलेल्या नटांच्या नकलांचा शो लावला आणि तो लगेच बंद पाडला गेला. मग पठ्ठ्याने पेपरात जाहिरात दिली की मिस्टर फूट आपल्या मित्रांना दुपारी बारा वाजता चॉकलेट प्यायला बोलावत आहेत. तेव्हा चॉकलेट म्हणजे प्यायचंच असायचं. तिकीट कॉफी हाउसवर मिळेल, तिकिटाशिवाय प्रवेश नाही! लोक जमले की हा स्टेजवर येऊन म्हणायचा, चॉकलेट तयार होतंय तोवर मी काही नवशिक्या नटांना शिकवत होतो, तुमची हरकत नसेल तर ते चालू ठेवतो. आणि सुरू. शिकवायचं म्हणून एकेका मोठ्या नटाची हुबेहूब नक्कल. चॉकलेट काही येत नाही, लोक हसून हसून बेजार, आणि कायदा काय म्हणणार, नाटक कुठे चालू आहे साहेब, आम्ही तर चॉकलेटची वाट बघतोय. पुढे तेच संध्याकाळी चहाच्या नावाने, नंतर चित्रांच्या लिलावाच्या नावाने. वर्षानुवर्षं पोट भरलं यार या एका पळवाटेवर.

माणूस म्हणून मला तो सगळा आवडत नाही हेही सांगतो. कुणालाही सोडायचा नाही. डब्लिनचा जॉर्ज फॉकनर म्हणून एक छापखानावाला होता, त्याला लाकडी पाय, फूटने १७६२ ला त्याचं सोंग स्टेजवर आणलं, लंगडण्यासकट, फॉकनरने कोर्टात खेचला. इंग्रजी शब्दकोशवाल्या डॉ. जॉन्सनचीही नक्कल करायचा बेत होता, पण जॉन्सनने सहा पेन्सवाली नको, शिलिंगवाली जाडजूड काठी आणायला सांगितलीय, प्रयोगाला घेऊन बसणार आहे, हे कानावर आल्यावर बेत गुपचूप रद्द. म्हणजे दुबळा असला की टिंगल आणि काठीवाला असला की माघार, हे तुझ्या स्क्रिप्टमध्ये लपवू नकोस.

आणि मग १७६६. सरदार लोकांच्या मेजवानीला गेलेला, राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क तिथे, सगळ्यांनी मिळून चढवलं आणि फूट ड्यूकच्या मस्तवाल घोड्यावर बसला, पडला, पायाचा चुराडा. त्या काळी भूल नाही काही नाही, पाय कापला. म्हणतात की तेवढ्यातही हा बोलला, आता फॉकनरची नक्कल झक्क जमेल. ड्यूकला वाईट वाटलं असणार, त्याने खटपट करून याला हेमार्केटचं उन्हाळी पेटंट मिळवून दिलं, मे ते सप्टेंबर रीतसर नाटकं करायची परवानगी, तीही तहहयात. जे चहा चॉकलेट पाजून मिळालं नाही ते एक पाय देऊन मिळालं. मग त्याने लाकडी पायालाच धरून भूमिका लिहिली, 'द लेम लव्हर' मधला सर ल्यूक लिम्प, जो लाकडी पायाचे फायदे सांगत सुटतो.

पण मी तुझ्या गळ्यात हा माणूस मारतोय तो त्याच्या 'द नेबॉब' नाटकासाठी. जून १७७२. इकडे नोव्हेंबरात थोरले माधवराव थेऊरला वारले ते हेच वर्ष, आणि बंगालच्या भयंकर दुष्काळाला दोनच वर्षं झालेली. कंपनीचे लोक बंगाल लुटून गडगंज होऊन लंडनला परतत होते, वाडे घेत होते, पार्लमेंटच्या जागा विकत घेत होते. फूटने सर मॅथ्यू माइट नावाचा असाच एक नबाब उभा केला, स्वतःच केला, लोकांना त्यात क्लाइव्ह दिसला. त्यात एक संवाद आहे, एका गावचा मेयर विचारतो हे लोक एवढे श्रीमंत होतात कसे, तर उत्तर असं की आधी मित्र म्हणून थोडी जागा मागायची, तिथल्या भोळ्या लोकांशी व्यापार करायचा, मग हळूहळू तटबंदी वाढवायची, आणि बळ आलं की त्यांनाच हुसकून पैसा दागिने ताब्यात घ्यायचे. आपण शाळेत ज्याला इतिहास म्हणून शिकलो ते लंडनच्या गल्ल्यावर तिकीट काढून लोक तेव्हाच हसत ऐकत होते! त्याची बाकीची नाटकं आज वाचवत नाहीत, कारण ज्यांच्या नकला त्यात आहेत ती माणसंच आपल्याला ठाऊक नाहीत, नुसतं पान वाचून हसू कसं येणार. हे मात्र येतं वाचता, यातलं गिऱ्हाईक आपल्या चांगलं ओळखीचं आहे.

शेवट वाईट झाला. किंग्स्टनच्या डचेसवर, म्हणजे एका बड्या उमराव बाईवर, त्याने नाटक लिहिलं, पास झालं नाही, तिच्या बाजूच्या एका पेपरवाल्याने याच्यावर चिखलफेक सुरू केली आणि काढून टाकलेल्या एका नोकराने समलैंगिक संबंधाचा आरोप लावला, ज्याला तेव्हा फाशी होती. १७७६ च्या डिसेंबरात निर्दोष सुटला पण खचला, थिएटर जॉर्ज कोलमनला दिलं, आणि ऑक्टोबर १७७७ मध्ये फ्रान्सला जाताना वाटेत डोव्हरलाच वारला.

आता कामाचं. तू नकला चांगल्या करतोस पण त्या ओळखीच्या नटांच्या, इथे प्रेक्षकाने गॅरिकला पाहिलेलंच नाही, तर चॉकलेटच्या सीनमध्ये आपल्याकडच्या चालू नटांच्या नकला घालायच्या की नाही हे तू ठरव, माझं मत घालायच्या. लाकडी पाय मात्र नुसतं लंगडून दाखवू नकोस, नीट करून घे. नाव काय ठेवतोस ते कळव, आणि या खेपेला मानधन आधी बोलून घे रे त्या संस्थेशी, मागच्यासारखं हार नारळावर भागवतील.

तुझा,
मन्या